फडकं हातात घेण्याआधी

आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहाला गाड्या पुसणारा मुलगा येतो. एका हातात बादली, खांद्यावर पिवळं फडकं. दीड तासात वीस-बावीस गाड्या उरकतात. बादली तीच, पाणीही बहुतेक तेच. दहाव्या गाडीपर्यंत त्याचा रंग टपरीवरच्या चहासारखा झालेला असतो. गाड्या लांबून चकचकीत दिसतात, मालक खूश. पण दुपारी चारच्या तिरप्या उन्हात यातल्या कुठल्याही काळ्या नाहीतर गडद निळ्या गाडीच्या बॉनेटकडे बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतील. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणारे, त्यांना ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. बिचाऱ्या रस्त्यावर आळ घेण्यात अर्थ नाही. हे चरे रोज सकाळी साडेसहाला, पार्किंगमध्येच पडतात.

माझी गाडी काळी आहे. पहिली दोन वर्षं मी ती स्वतःच पुसायचो, तेही मोठ्या अभिमानाने, ऑफिसला निघताना कोरडं डस्टर फिरवून. शेजारच्या काकांची गाडी त्याच वर्षीची, पण आठवडेच्या आठवडे धुळीत पडलेली. दोन वर्षांनी दोन्ही एकदा नीट धुतल्या तेव्हा त्यांची गाडी माझ्यापेक्षा नवी दिसत होती. तिथून मी या विषयात शिरलो.

अर्ध्या केसाएवढी चकाकी

गाडीचा रंग म्हणजे पत्र्यावर दिलेला एक हात, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते थर आहेत. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवतात, त्याला ई-कोट म्हणतात. त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर. मग आपण ज्याला लाल, निळा, काळा म्हणतो तो बेस कोट. हा आश्चर्य वाटावं इतका पातळ असतो आणि त्याला स्वतःची चमक जवळजवळ नसते. सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकर. चकाकी त्याची. उन्हातली अतिनील किरणं शोषून खालचा रंग फिका पडू न देण्याचं कामही त्याचंच.

हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण 100 ते 130 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉन. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे जवळपास अर्ध्या केसाच्या जाडीवर तुमच्या गाडीचं सगळं रूप उभं आहे, आणि ती जाडी फक्त कमी होऊ शकते, आपोआप वाढत नाही.

जुन्या गाड्यांचं तसं नव्हतं, आणि घरातल्या मोठ्यांचे सल्ले इथेच फसतात. ॲम्बॅसिडर किंवा पद्मिनीच्या काळात रंग एकाच प्रकारचा असायचा, वर वेगळं लॅकर नसे. दिवाळीच्या आधी रबिंग, म्हणजे घासायची भरड पेस्ट, लावून गाडी घासली की फडक्याला गाडीचा रंग लागायचा. उन्हाने मेलेला वरचा पापुद्रा निघून खालचा ताजा रंग वर यायचा आणि गाडी खरोखर उजळायची. आजच्या गाडीवर तेच केलंत तर फडक्याला रंग लागत नाही, म्हणून वाटतं काही झिजलं नाही. झिजतं ते बिनरंगी असतं, एवढंच. बारा-पंधरा वर्षांच्या लाल गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पांढुरके पापुद्रे सुटलेले तुम्ही पाहिले असतील. तिथला क्लिअर कोट संपलेला आहे. त्याला कुठलंही पॉलिश चालत नाही, तो भाग नव्याने रंगवावाच लागतो.

धूळ नावाचा दगड

आपल्याकडची धूळ म्हणजे मऊ माती नव्हे. बांधकामाची वाळू, खडी क्रशरवर फुटलेल्या काळ्या पाषाणाची भुकटी, सिमेंट, टायरचा कीस, ब्रेकचा लोखंडी चुरा असा तो मसाला असतो. वाळूतलं क्वार्ट्‌झ कठीणपणाच्या मोह्‌स मापावर 7 ला बसतं. साध्या सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास. म्हणजे जो कण सुरीवर ओरखडा काढू शकतो तो आपण कापडाखाली धरून लॅकरवर गोल गोल फिरवतो. पार्किंगमधल्या कोरड्या गाडीवर डस्टर फिरवणं आणि पॉलिश पेपर फिरवणं यात फरक फक्त वेगाचा आहे.

पडून राहिलेली कोरडी धूळ मात्र लॅकरचं फारसं काही बिघडवत नाही. दिसायला वाईट दिसते, एवढंच. म्हणून आठवड्यात गाडीला हात लावायला वेळ नसेल तर खुशाल लावू नका. वायपरने काच साफ करा आणि निघा.

धुवायची झाली तर तत्त्व एकच: आधी पाणी, मग हात. हात लागायच्या आधी जितकी माती पाण्याने निघून जाईल तितके चरे वाचले.

सावलीत धुवा, आणि बॉनेटवर तळहात ठेवून बघा. चटका लागत असेल तर गाडी धुवायच्या लायकीची नाही. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पूचे डाग लगेच सुकून बसतात. सुरुवात चाकांपासून करावी, कारण सगळ्यात घाण तिथेच, आणि चाकांचा ब्रश, फडकं, बादली कायमची वेगळी ठेवावी. ब्रेकचा चुरा असलेलं फडकं दारावर फिरवणं हा शुद्ध आत्मघात. मग टपावरून खाली पाणी सोडा, चाकांच्या कमानीत आतपर्यंत. कोकणात जाऊन आलात तर या आतल्या आणि खालच्या भागावर बाहेरच्यापेक्षा जास्त पाणी घाला. समुद्राकाठची खारट ओल आणि लाल चिखल तिथे बसून राहतो आणि गंज आतून सुरू होतो.

प्रेशर वॉशर असेल तर उत्तम. नोझल गाडीपासून फूट-दीड फूट लांब ठेवायचं, आणि जिथे खडी लागून टवका उडालेला आहे, स्टिकर सुटला आहे किंवा रबराची पट्टी आहे तिथे थेट मारा नको. उडालेल्या टवक्याची कड धरून पाणी अख्खा पापुद्रा उचलू शकतं. वॉशर नसेल तर साधा पाइप. पाइपला सोसायटीची बंदी असेल तर बागेची झारी. मी हसण्यावारी नेत नाही. दोन झाऱ्या पाणी वरून शांतपणे सोडलं तरी पुष्कळ माती उतरते.

मग शॅम्पू, पण गाडीचाच. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, ती चांगलीच अल्कधर्मी असते. गाडीवरचं वॅक्स, म्हणजे संरक्षणाला लावलेला मेणाचा थर, एका धुण्यात जातं आणि रबर-प्लास्टिक हळूहळू पांढुरकं पडतं. भांड्यांच्या लिक्विडने रंग जळतो वगैरे ऐकू येतं, ती अतिशयोक्ती. पण तेही वॅक्स उतरवतं, आणि गाडीच्या शॅम्पूसारखा बुळबुळीतपणा त्यात नसतो. हा बुळबुळीतपणाच कामाचा असतो, कारण त्यामुळे मातीचा कण घासला न जाता घसरून निघतो. एका धुण्याला बादलीभर पाण्यात बुचभर-दोन बुचं पुरतं. एक बाटली वर्षभर जाते.

बादल्या दोन घ्या. एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांच्या मऊ कापडाचा, हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, गाडीचा एक भाग धुवायचा, मग मोजा आधी साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच परत शॅम्पूत. शेवटी साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. पहिल्यांदा मी बघितला तेव्हा तिथे चमचाभर बारीक वाळू बसलेली होती. एकच बादली असती तर ती सगळी वाळू मी गाडीवर परत नेऊन घासली असती. हात सरळ रेषेत, वरून खाली, आणि जोर अजिबात नको. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि सगळ्यात शेवटी बंपर आणि दाराखालची पट्टी. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. झटकून परत वापरायचा मोह सगळ्यांना होतो.

टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या सोसायट्यांसाठी आणखी एक सोय आता मिळते, तिला रिन्सलेस वॉश म्हणतात. हे द्रावण पाण्यात अगदी थोडं घालायचं असतं; प्रसिद्ध प्रकारांत एक भागाला 256 भाग पाणी, म्हणजे पाच लिटरला साधारण 20 मिली. त्यात भिजवलेल्या मायक्रोफायबरने एक भाग पुसायचा, लगेच दुसऱ्या कोरड्याने टिपायचा, आणि प्रत्येक भागाला फडक्याची नवी घडी घ्यायची. गाडीवर नुसती धूळ असेल तर एका बादलीत काम होतं. चिखल असेल तर मात्र ही पद्धत नको.

पिवळ्या फडक्याच्या जागी काय घ्यायचं हे वेगळं सांगायला नको, पण एक खबरदारी. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, सुताचा तंतू त्यात अडकून बसतो. फॅब्रिक कंडिशनर तर नकोच. तो धाग्यांवर लेप देतो आणि फडकं पाणी प्यायचं बंद करतं.

पाणी सुकू देऊ नका

बोअरचं आणि बरंचसं टँकरचं पाणी जड असतं, शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचे ते. थेंब उन्हात सुकला की पाणी उडतं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गोल पांढऱ्या कड्यासारखे मागे राहतात. नळाच्या तोटीवर जे पांढरं साचतं तेच हे. आठवड्याच्या आत असेल तर पांढरा व्हिनेगर आणि तितकंच पाणी मिसळून, फडक्याने मिनिटभर ओलं ठेवून, भरपूर पाण्याने धुतलं की निघतं. नखाने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका. जुनं झालेलं कडं लॅकरमध्ये खड्डा करून बसतं, ते मग पॉलिशशिवाय जात नाही.

यावर आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरा असा सल्ला दर उन्हाळ्यात फिरतो. हेतू चांगला आहे. पण ते पाणी म्हणजे गाळून काढलेले क्षार उरलेल्या पाण्यात जास्त दाट झालेले. चाकांना, पायपुसण्यांना वापरा; शेवटचा हात त्याचा नको. आणि पाणी कोणतंही असो, धुऊन झाल्यावर जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून पाणी टिपून घ्यायचं, घासून नाही.

हे सगळं मी सकाळच्या त्या मुलाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, मला कळतंय. पण रोज पुसली नाही तर लोक म्हणतात, पैसे घेतो आणि काम करत नाही.” मुद्दा त्याचा बरोबर होता. त्याला एका गाडीमागे चार मिनिटं मिळतात, आणि मालकांना रोज ओली गाडी दिसायला हवी असते. शेवटी असं ठरलं: महिन्याचे पैसे तेवढेच, पण माझी गाडी आठवड्यातून दोनदाच, माझ्या बादलीने, माझ्या फडक्यांनी. इतर दिवशी फक्त काचा. त्याला दोन दिवसांत जास्त वेळ द्यावा लागतो, उरलेल्या दिवसांत वाचतो. दोघांचंही बरं चाललंय.

थांबून चालत नाही अशा गोष्टी

धूळ वाट बघू शकते. पक्ष्यांची विष्ठा नाही. त्यात युरिक आम्ल असतं, आणि कबुतरांच्या बाबतीत खाल्लेल्या दाण्यांचे, खड्यांचे कणही. उन्हाने लॅकर तापून किंचित मऊ होतं, रात्री थंड होऊन आकसतं, आणि वर सुकलेल्या विष्ठेचा आकार घेऊन बसतं. मे महिन्यात एका दिवसात ठसा उमटू शकतो. उपाय साधा: टिश्यू पेपर पाण्याने भिजवून त्यावर पाच मिनिटं ठेवायचा, विरघळली की उचलून घ्यायची. ओढायची नाही. डिकीत पाण्याची बाटली आणि दोन टिश्यू एवढं ठेवलं तर निम्मं संरक्षण तिथेच झालं. जांभळाच्या दिवसांत याची जांभळी आवृत्ती मिळते, ती जास्त चिवट.

आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहोराच्या काळात टपावर चिकट बारीक ठिपके दिसतात. लोक म्हणतात झाडाचा चीक पडला. पुष्कळदा तो चीक नसून मोहोरावरच्या तुडतुड्यांनी सोडलेला गोड चिकटा असतो. साखरच ती, कोमट पाण्याने आणि शॅम्पूने जाते. ठेवली तर तिच्यावर धूळ बसून थर होतो आणि मग आपण रागाने घासतो.

गुलाल कोरडा असताना पुसू नका. आधी भरपूर पाणी, मग शॅम्पू. ओल्या हाताने चोळला की रंग प्लास्टिकच्या खरखरीत भागात कायमचा शिरतो. दसऱ्याच्या पूजेचं म्हणाल तर हळद उन्हाने आपोआप फिकी पडते, पण कुंकवातला रंग कसला आहे यावर सगळं अवलंबून. आमच्याकडे आता स्वस्तिक काचेवर काढतात. हाराची तार आणि सेलोटेप मात्र संध्याकाळीच काढा. हार वाऱ्याने हलत राहिला की तार बॉनेटवर अर्धगोल कोरते, आणि दोन दिवस ऊन खाल्लेला टेपचा गोंद काढणं हे वेगळंच काम.

नव्या रस्त्यावरून आल्यावर दाराखाली डांबराचे काळे ठिपके दिसतात. टार रिमूव्हर मिळतो. नसेल तर फडक्याच्या टोकावर जरासं रॉकेल, फक्त त्या ठिपक्यावर, आणि लगेच शॅम्पूने धुवायचं. काही लोक अख्खी गाडी डिझेलने पुसतात, ‘काय चमकते बघा’ म्हणून. चमकते, कारण तेल लावलंय. संध्याकाळपर्यंत तेवढीच धूळ चिकटते आणि दारांची रबरं फुगतात.

पिशवीची परीक्षा

गाडी धुऊन कोरडी झाल्यावर हातात एक पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि बॉनेटवर हलकेच बोटं फिरवा. उघड्या हाताला जे गुळगुळीत लागत होतं ते पिशवीतून बारीक रव्यासारखं लागेल. हे लॅकरमध्ये रुतून बसलेले कण: ब्रेकचा आणि रेल्वेमार्गाजवळचा लोखंडी चुरा, उडालेला रंग, जुना चीक. शॅम्पूने ते निघत नाहीत.

लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावलं की जांभळं होतं, त्यामुळे गाडीवरून अक्षरशः जांभळे ओघळ वाहताना दिसतात. वास सडक्या अंड्याचा. हे काम गॅलरीत शेजारी बसलेले असताना करू नका. उरलेल्या कणांसाठी क्ले बार, म्हणजे मुलांच्या खेळातल्या मातीसारखा एक गोळा. साबणपाण्याने पृष्ठभाग निसरडा करून तो हलक्या हाताने फिरवला की कण उपटून त्यात येतात. तो खाली पडला की फेकून द्यायचा, किंमत आठवायची नाही. क्ले स्वतःही बारीक ओरखडे पाडू शकतो, म्हणून वर्षातून एकदा, फार तर दोनदा.

‘पॉलिश’ या शब्दाचा घोटाळा

आपण सगळ्यालाच पॉलिश म्हणतो, आणि दुकानदार त्याचा फायदा घेतात. बाटल्यांच्या त्या फळीवर खरं तर दोनच जाती आहेत: काढणाऱ्या आणि घालणाऱ्या.

कंपाउंड आणि पॉलिश काढतात. दोघांत घासणारी भुकटी असते, कंपाउंडमध्ये भरड, पॉलिशमध्ये बारीक. चरा भरून निघत नाही. चऱ्याच्या दोन्ही बाजूंचं लॅकर त्याच्या तळापर्यंत खाली आणलं जातं, म्हणून तो दिसेनासा होतो. मशीनच्या एका फेरीत एखाद-दोन मायक्रॉन जातात, भरड कंपाउंड आणि आडदांड हात असेल तर बरेच जास्त. 40 मायक्रॉनच्या मुदलातून असे किती वेळा काढणार? त्यात अतिनील किरणं अडवणारी ताकद वरच्या भागात अधिक मोलाची असते. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला ‘बॉडी पॉलिश करून देतो’ म्हणणाऱ्याला मी जॉबकार्डवर लिहून देतो: पॉलिश करू नये, गाडी कोरड्या फडक्याने पुसू नये. नवी गाडी घेताना तर डिलिव्हरीआधीच सांगा की धुवायचीच नाही, आहे तशी द्या. पहिले चरे पुष्कळदा तिथेच पडलेले असतात. खरंखुरं पॉलिश चार-पाच वर्षांतून एकदा, रंगाची जाडी मोजायचं मीटर ज्याच्याकडे आहे अशा माणसाकडून करावं. तेच मीटर जुनी गाडी घेतानाही उपयोगी: एखाद्या दारावर आकडा 200 च्या वर गेला की समजावं, दार एकदा रंगवून झालंय.

वॅक्स, सीलंट, सिरॅमिक या घालणाऱ्या जाती. वॅक्समध्ये उत्तम मानलं जातं कार्नौबा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघणारं मेण. गडद रंगावर त्याची झाक सुरेख दिसते, पण आपल्या उन्हात आणि पावसात ते काही आठवडेच टिकतं. सीलंट हे कृत्रिम पॉलिमर. झाक थोडी कोरडी, आयुष्य तीन-चार महिने. सिरॅमिक कोटिंगमध्ये सिलिकावर आधारलेलं द्रव लॅकरला चिकटून कडक होतं आणि नीट लावलं तर दोन-तीन वर्षं राहतं. तिघांचा दृश्य परिणाम एकच: पाणी अळवाच्या पानावरच्यासारखं थेंब थेंब होऊन पळतं, आणि मातीला धरायला जागा कमी मिळते. पुढचं धुणं सोपं होतं, म्हणजे घासावं कमी लागतं. संरक्षणाचा मोठा वाटा खरं तर यातच आहे.

जाहिरातीतले दोन शब्द तेवढे ओळखून ठेवा. ‘टेफ्लॉन कोटिंग’: टेफ्लॉन वितळतं 327 अंश सेल्सिअसला, आणि तव्यावर त्याचा थर बसवायला त्याहून जास्त उष्णता द्यावी लागते. तुमच्या गाडीला कोणी तेवढं तापवत नाही. मिळतं ते साधं सीलंट; वाईट नाही, पण नावाचे पैसे देऊ नका. दुसरा शब्द ‘9एच’. हे पेन्सिलीच्या कठीणपणाचं माप आहे, 9एच शिशाने ओरखडा उठत नाही एवढाच त्याचा अर्थ. ऐकणाऱ्याला वाटतं मोह्‌स मापावरचं, हिऱ्याच्या पायरीखालचं 9. सिरॅमिकचा थर असतो जेमतेम एक-दोन मायक्रॉन. किल्ली, मांजराची नखं, ट्रकमागची खडी यापुढे त्याचं काही चालत नाही. जड पाण्याचे डागही त्यावर पडतातच.

मी स्वतः एकदा फसलोय. ‘तीन वर्षांची वॉरंटी’ असलेलं सिरॅमिक मला अडीच तासांत लावून मिळालं, हातात चकचकीत कार्ड. पाच महिन्यांत पावसाचं पाणी पुन्हा चादरीसारखं पसरायला लागलं. नंतर कळलं की खऱ्या कामाला किमान एक पूर्ण दिवस लागतो: धुणं, आयर्न रिमूव्हर, क्ले, पॉलिश, तेलाचा अंश काढायला अल्कोहोलने पुसणं, मग कोटिंग, आणि पुढचे बारा ते चोवीस तास पाण्याचा थेंब नाही. खाली दडलेले चरे न काढता कोटिंग केलं तर ते चरेच जपले जातात. संध्याकाळी परत न्या म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये, एवढं मी त्या पैशांत शिकलो.

खडीपासून खरोखर वाचवते ती पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, 150 ते 200 मायक्रॉन जाड, गाडीच्या संपूर्ण रंगाहूनही जाड. हलके ओरखडे तिच्यात उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात. अख्ख्या गाडीला खर्च लाखाच्या घरात जातो, म्हणून माझ्या मते एक्स्प्रेसवेवर नेहमी जाणाऱ्यांनी पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड आणि दारांच्या मुठीमागची वाटी एवढ्यालाच ती लावावी. बाकी माझ्यासारख्यांना एक शॅम्पू, एक स्प्रे सीलंट, सहा फडकी, दोन बादल्या पुरतात. सीलंट दर तीन महिन्यांनी, धुतलेल्या कोरड्या गाडीवर, एका भागाला दोन फवारे. पावसाळ्याच्या आधीचा हात चुकवू नये.

डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या दारावर मात्र महिना-दोन महिने वॅक्स, सीलंट काहीच नको. कारखान्यात रंग साधारण 140 अंशांना भाजतात, वर्कशॉपच्या बूथमध्ये 60 च्या आसपास. आतलं सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश कधीच नाही, घासलेला भाग चमकायला लागतो आणि ठिगळासारखा दिसतो. आणि कव्हर घालायचं तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलून रात्रभर तेच करतं जे डस्टर सकाळी करतं.

ओरखडा पडलाच, तर त्यावर नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं नाही तर तो लॅकरमध्येच आहे, पुढच्या पॉलिशपर्यंत थांबा. अडकलं आणि आत पांढरं किंवा करडं दिसलं तर तो प्रायमरपर्यंत गेलाय, आणि पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी बुजवायलाच हवा. कंपनीच्या स्पेअरपार्टच्या काउंटरवर टच-अपची नेलपॉलिशएवढी बाटली मिळते. नुसता ‘काळा’ मागू नका, काळे अनेक असतात. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असलेल्या स्टिकरवर रंगाचा कोड असतो, त्याचा फोटो न्या. बाटलीतला ब्रश जाड येतो. मी आगपेटीची काडी तासून टोकदार करतो आणि थेंब थेंब टेकवतो, दोन थरांमध्ये तासभर थांबून. जवळून बघितलं तर कळतं. गंज मात्र तिथून आत शिरत नाही.